पाण्याच्या वाटेने : बडोदे ते पादरा



या व्याख्यानासाठी विषय कळवावा असे पत्र आले, तेव्हा मी ‘बडोद्याची जुनी पाणीव्यवस्था’ असे उत्तर धाडले. विषय रुक्ष वाटण्याजोगा आहे, याची मला कल्पना आहे. राजवाडे, दरबार, हत्ती आणि हिरेमोती ही बडोद्याच्या इतिहासाची नेहमीची सामग्री. तेथे बंधाऱ्याची भिंत आणि गाळणीचे हौद पाहावयास कोण जातो? परंतु हिवाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बडोद्याच्या वावा, तलाव आणि जलाशय पायी हिंडून दाखवण्याचा परिपाठ मी गेली काही वर्षे ठेवला आहे, आणि शहराचा स्वभाव पाण्यावरून जितका कळतो तितका राजवाड्यांवरून कळत नाही, असे माझे मत झाले आहे. आजचे व्याख्यान म्हणजे तीच पदयात्रा, बसल्या जागी केलेली. एक फरक मात्र करणार आहे. बडोद्याच्या मंडळींपुढे ही यात्रा मी विश्वामित्रीच्या पुलापाशी संपवीत असे. पादऱ्यात ती सोय नाही. पाणी कोठून येते हा प्रश्न बडोदेकरांचा. ते कोठे जाते हा प्रश्न पादरेकरांचा. आजवर लिहिले गेलेले बहुतेक इतिहास पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतात.

आरंभ नवलखी वावेपासून करू. लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम १८७८ साली सुरू होऊन १८९० साली पुरे झाले. त्याच्या विस्तीर्ण आवारात असलेली ही वाव राजवाड्याहून जवळजवळ पावणेपाचशे वर्षांनी जुनी आहे. तिच्या शिलालेखातील काळ हिजरी ८०७, म्हणजे इसवी सन १४०५ असा येतो आणि त्यात गुजरातचा सुभेदार जफरखान याचे नाव आहे. हाच जफरखान पुढे १४०७ साली मुझफ्फरशाह या नावाने गुजरातचा स्वतंत्र सुलतान झाला. नऊ लाख खर्च आला म्हणून नवलखी, अशी लोकांची समजूत आहे. नऊ लाखांचा हिशेब कोणी पाहिलेला नाही. पण प्रजेने एखाद्या विहिरीला तिच्या किमतीवरून नाव द्यावे, यात त्या विहिरीची प्रतिष्ठा दिसते.

आपल्यातील ज्यांची मुळे देशावर आहेत, त्यांना बारव ठाऊक आहे. बारव आणि वाव या एका कुळातल्या खऱ्या, तरी त्यांचे शरीर वेगळे आहे, आणि ते तसे का आहे हे समजून घेण्याजोगे आहे. देशावर काळा कातळ वर येतो. तो फोडणे कष्टाचे. परंतु एकदा फोडला की विहिरीची बाजू आपोआप उभी राहते. येथे गुजरातच्या सपाटीवर नद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि वाळू खोलवर पसरली आहे. खणणे सोपे, पण खणलेली बाजू टिकवणे अवघड. लांबच लांब पायऱ्यांचा चर पाण्यापर्यंत उतरवायचा, तर दोन्ही बाजूंची माती आत ढासळू पाहणार. म्हणून ठरावीक अंतरावर खांब आणि तुळया यांच्या चौकटी एकावर एक रचून दोन्ही भिंती एकमेकींपासून रेटून धरलेल्या असतात. पर्यटक ज्यांना सुंदर सज्जे म्हणतो आणि ज्यांची छायाचित्रे घेतो, ते आधी मातीला दिलेले टेकू आहेत. सौंदर्य आणि गरज इतकी एकजीव झालेली दुसरी वास्तू मला सहसा सापडत नाही.

वावेचा दुसरा गुण विद्यार्थ्यांच्या लवकर ध्यानी येतो, कारण तो त्यांच्या पोटऱ्यांना जाणवतो. पाणी उतरून घ्यावे लागते. भाद्रपदात ते वर असते, वैशाखात खाली जाते. घागर घेऊन जाणाऱ्या बाईला यंदा किती पायऱ्या जास्त उतराव्या लागल्या, हे सांगायला कोणत्याही खात्याचा अहवाल लागत नसे. भूजलाची पातळी रोज तिच्या गुडघ्यांत मोजली जात होती. शहराच्या पश्चिमेस सिंधरोटच्या वाटेवर सेवासीची विद्याधर वाव आहे, सोळाव्या शतकातली. तिच्या पायऱ्यांवर थांबून मी मुलांना एकच काम सांगतो : खाली जाताना हवा कोणत्या पायरीवर गार झाली, ते लक्षात ठेवा. उत्तरे निरनिराळी येतात आणि त्यावर भांडण होते. तेवढ्या अवधीत मला बसून घेता येते.

वावेनंतर तलाव. बडोद्याच्या मधोमध सूरसागर आहे. पूर्वी त्यास चंदन तलाव म्हणत. अठराव्या शतकात त्याची नवी बांधणी झाली, आणि ती करणाऱ्या देसायांच्या नावावरून सूरसागर हे नाव पडले असे सांगतात. काठ दगडी, तळही बांधीव, आणि पाणी फार वाढले तर ते विश्वामित्रीकडे सोडण्यासाठी जमिनीखालून केलेली दारे. तलावाच्या एका अंगास संगीत महाविद्यालय, जवळच १८९६ सालचे न्यायमंदिर. मध्यभागी उभी असलेली शंभर फुटांहून उंच शंकराची मूर्ती मात्र अगदी अलीकडची. तिचे काम २००२ साली पुरे झाले. कित्येक पिढ्यांच्या मराठी घरांतले गणपती याच पाण्यात निरोप घेत. आता विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले जातात. तलावाचे आरोग्य राखायचे तर ते योग्यच झाले.

तलावाविषयी बोलताना एक गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून वगळता येत नाही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये सूरसागरात नाव उलटून बावीस माणसे बुडाली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, बडोद्याच्याच हरणी तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. पूर्वी तलावाच्या काठी राहणारा माणूस त्या पाण्याला ओळखून असे. आपण तलावाला करमणुकीची जागा केले आणि ती ओळख गमावली. मी माझ्या पदयात्रेत कोणालाही नावेत बसू देत नाही.

आता पाणी घरी येऊ लागते. नळापूर्वीच्या बडोद्यात विहिरी, वावा, तलाव, आणि ज्यांना परवडे त्यांच्या दारी पखाल. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, नर्मदेचे पाणी बडोद्यास आणावे असा विचार झाला होता, पण तो तडीस गेला नाही. शहराच्या अगदी जवळून आज नर्मदेचा मुख्य कालवा जातो, हे पाहण्यास ते हवे होते.

सयाजीराव महाराजांना १८८१ च्या डिसेंबरात राज्याधिकार मिळाले आणि १८८५ साली आजव्याचे काम सुरू झाले. महाराज तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरच होते. शहराच्या पूर्वेस, पावागडच्या दिशेने, विश्वामित्री आणि सूर्या यांच्या खोऱ्यात मातीचा लांबलचक बांध घालून जलाशय करावयाचा, असा हा बेत. आराखड्याशी जगन्नाथ सदाशिवजी या देशी अभियंत्याचे नाव निगडित आहे, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. १८९२ पर्यंत काम पुरे होऊन पाणी शहरात आले. जलाशयाला सयाजी सरोवर असे नाव दिले गेले. लोकांच्या तोंडी मात्र आजवाच राहिला.

आजव्याला गेल्यावर मुले प्रथम पाणी पाहतात, मग उपवन पाहतात. मी त्यांना जमीन पाहावयास सांगतो. आजव्याची पातळी शहराहून उंच आहे, एवढ्यावर सारी योजना उभी आहे. जलाशयातून निघालेले पाणी निमेट्यास येते, तेथे गाळले जाते आणि उताराच्या आधाराने शहराकडे वाहते. त्या मार्गावर पाणी पुढे ढकलण्यासाठी यंत्र नाही, यंत्रासाठी कोळसा नाही. पुणेकर श्रोत्यांना हे सांगितले की ते लगेच कात्रजची आठवण देतात, आणि ती योग्य आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी असेच उतरत शहरातल्या हौदांत येत असे. फरक इतकाच की पुण्याचे पाणी हौदापाशी थांबले. माणसाला चार पावले चालत त्याच्याकडे जावे लागे. आजव्याचे पाणी उंबरठा ओलांडून आत शिरले.

१८९१ च्या शिरगणतीत बडोदे शहराची वस्ती १,१६,४२० होती. आजव्याची योजना तीन लाख लोकांना पुरेल अशी केली, असे सांगतात. लोकसंख्येच्या अडीचपट पुढे पाहणारे राज्यकर्ते आज कोठे आहेत, असा उसासा येथे प्रत्येक वक्ता टाकतो. तो टाकण्यास माझी हरकत नाही. परंतु हिशेब पुरा करावा. शहर तीन लाखांच्या जवळ आले ते १९६१ च्या सुमारास, म्हणजे दूरदृष्टीची पुंजी सुमारे सत्तर वर्षे पुरली. २०११ च्या गणनेत शहर साडेसोळा लाखांच्या वर गेले होते. एका माणसाच्या दूरदृष्टीचे पोवाडे गाण्यात आपण इतके रमलो की ती संपल्यावर आपल्या पाळीचे काय, हा प्रश्न मागे पडला.

नळाने घरात काय बदलले, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. पण जुन्या घरांत ते अजून दिसते. स्वयंपाकघरात मराठी घरी घडवंची आणि गुजराती घरी पाणियारा. तेथे भरून ठेवलेल्या पाण्याला देवघराखालोखाल मान होता. सार्वजनिक स्नानगृह बांधण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही, कारण नदीचा घाट हेच गावाचे न्हाणीघर होते. ज्याच्याकडे विहीर, त्याच्या परसात न्हाणी, तांब्याचा बंब आणि घंगाळ. नळ आला तशी आंघोळ घाटावरून भिंतीआड गेली. मुंबईत विहारचे पाणी १८६० साली आले, तेव्हा नळाच्या तोटीतल्या चामड्याच्या चकतीने पाणी विटाळते की काय, यावर मोठी चर्चा झाली. सोय शेवटी सोवळ्यावर मात करते, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

पण सगळ्याच सोवळ्यावर नाही. पदयात्रेत सयाजीबागेत एका ठिकाणी मी नेहमी थांबतो. २३ सप्टेंबर १९१७ रोजी या बागेतील झाडाखाली भीमराव आंबेडकर बसले होते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला, संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेला हा तरुण बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला होता. राहावयास शहरात घर मिळाले नाही. नाव लपवून पारशी खानावळीत राहिले तर तेथून हुसकावून लावले गेले. कार्यालयात त्यांना पिण्यास पाणीही मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. आजव्याचे पाणी शहरात येऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा राजा गादीवर होता. पाणी वीस-बावीस किलोमीटर उतार शोधत आले आणि कार्यालयातल्या माठापासून एका मेजापर्यंत पोचू शकले नाही. दहा वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, याच गृहस्थांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बडोद्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना अभियंत्यांची नावे घेऊन हा माठ वगळला, तर तो इतिहास अर्धा राहील.

बागेच्या दारापाशी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे आपला काळा घोडा, आणि शेजारी विश्वामित्रीचा पूल. पुलाशी नदीची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात सारे बडोदे तो एकच आकडा विचारत असते. धोक्याची खूण सव्वीस फुटांची. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टात नदी पस्तीस फुटांच्याही वर गेली आणि मगरी लोकांच्या अंगणात आल्या. आजव्याला अधिक झालेले पाणी सोडण्यासाठी बासष्ट दारे आहेत. तहान भागवण्यासाठी बांधलेला जलाशय पुराच्या दिवसांत शहराच्या उशाशी टांगलेला असतो. शहरातले पावसाचे पाणी नदीला पोचवणाऱ्या नैसर्गिक ओघळी, ज्यांना येथे कांस म्हणतात, त्या भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस आपण घरांनी आणि रस्त्यांनी आवळत आणल्या. वाट अडवलेले पाणी वाट मागते.

एरवी माझी पदयात्रा या पुलावर संपते. आज पुलावरून खाली पाहू आणि पाणी जाते तिकडे जाऊ.

विश्वामित्री शहरातून दक्षिणेस वाहते आणि पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते. शहराने नदीत जे जे सोडले ते ढाढरच्या पाण्यात येते. ही झाली आपल्या दक्षिणेची कड. उत्तर-पश्चिमेची कड म्हणजे मही. आजवा अपुरा पडल्यावर बडोद्याने महीकडे हात पसरला. फाजलपूरच्या परिसरात नदीच्या पात्रात फ्रेंच कूप बांधले गेले. वाळूत खोल उतरवलेले काँक्रीटचे रुंद नळकांडे आणि त्याच्या तळाशी चहूकडे आडव्या सोडलेल्या छिद्रांच्या नळ्या, असे त्यांचे स्वरूप. नदीचे पाणी वाळूतून झिरपताना गाळले जाऊन आत येते. कल्पना सुरेख आहे. वावेचीच, फक्त पायऱ्या काढून टाकलेली. आणि पायऱ्या गेल्यामुळे पाणी किती खाली गेले, हे कूपावरच्या कर्मचाऱ्याखेरीज कोणाच्याच गुडघ्यांना कळत नाही.

साठच्या दशकात बडोद्याच्या उत्तरेस कारखाने उभे राहिले : खतांचा कारखाना, कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, मागोमाग पेट्रोरसायनांचा. त्यांचे सांडपाणी मिनी नदीवाटे महीत जाऊ नये, कारण महीचे पाणी शहर पिते. म्हणून एक बांधीव नाला काढण्यात आला. धनोऱ्यापासून निघून सुमारे पंचावन्न किलोमीटर जाऊन जंबुसर तालुक्यातील सारोदपाशी, महीच्या मुखाशी, तो सांडपाणी सोडतो. १९८३ पासून तो वाहतो आहे. मधला बराचसा रस्ता पादरा तालुक्याचा. शहराच्या बाजूने पाहिले तर योजना समंजस होती, आणि मी ती मूर्खपणाची म्हणणार नाही : विष पिण्याच्या पाण्यापासून दूर नेले गेले. नकाशावर ते ‘दूर’ जेथे पडले, तेथे आपण आत्ता बसलो आहोत.

पुढील हकीकत आपल्यातील कित्येकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. नाल्याला गळती लागली. पाण्यावाचून अडलेल्या शेतकऱ्यांनी कोठे कोठे त्याचेच पाणी शेतात घेतले. शिवाय आपल्या तालुक्यातही कारखाने आले. एकलबारा, लूणा, दूधवाडा या बाजूच्या विहिरी आणि कूपनलिका यांतून रंगीत पाणी येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. त्या प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे आणि हरित न्यायाधिकरणापुढे गेल्या. नदीचे वाईट पाणी पावसाळ्यात धुऊन जाते. जमिनीखालचे पाणी बिघडले की ते पिढ्यांच्या हिशेबाने सुधारते, कारण ते जागचे फारसे हलत नाही. ज्या सच्छिद्र गाळामुळे येथे वावा खणणे सोपे झाले आणि फ्रेंच कूपांना गाळीव पाणी मिळाले, तोच गाळ हे पाणीही मुकाट्याने आत घेतो. पंधराव्या शतकातील वावेचा गवंडी या मातीची ही खोड ओळखत होता.

एकेकाळी विश्वामित्री ते पादरा अशी छोट्या रुळांची गाडी होती आणि तिच्यातून येथली भाजी बडोद्याच्या मंडईत जाई. आजही बडोद्याच्या पानात पादऱ्याची भाजी असते. तेव्हा शहराने दूर पाठवलेले पाणी टोपलीतून परत येते की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याइतकाच बडोदेकरांनाही आहे. माझ्या तिकडच्या श्रोत्यांना मी हे सांगितले, तेव्हा सभागृह काही वेळ शांत होते.

माजी विद्यार्थ्यांना उद्देशून एक कामाची गोष्ट सांगतो. आपली घरे रणू, मोभा, मासर, डभका, मुजपूर अशा गावांत विखुरलेली आहेत. रणूच्या तुळजाभवानीला नवरात्रात आपण सारे जातो, त्या रस्त्यावरच्या विहिरी आपण पाहिल्या आहेत. संस्थानी दप्तरात सारा, पिके आणि शाळा यांच्या नोंदी सापडतात; गावच्या विहिरीचे पाणी गोड होते की मचूळ, हे बहुधा म्हाताऱ्यांच्या जिभेवरच शिल्लक आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी शाळेच्या ग्रंथालयात एक कोरी नोंदवही ठेवून जात आहे. तीत रकाने आखले आहेत : गाव, विहिरीचे नाव, कोणी बांधली, कोणाला तेथे पाणी भरण्याची मुभा होती व कोणाला नव्हती, उन्हाळ्यात पाणी किती हातांवर असे, चव कशी होती. शेवटचा रकाना, त्या विहिरीचे पाणी पिणे गावाने कोणत्या साली सोडले, याचा आहे. हे वर्ष ज्यांना आठवते अशी माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पुढील पावसाळ्यापूर्वी पहिली पन्नास पाने भरावीत, अशी विनंती आहे.